रातवा, माळरान आणि मागची ती हिस : फील्ड रेकॉर्डिंगसाठी माइक आणि रेकॉर्डर कसा निवडायचा

सासवडच्या बाजूच्या एका माळावर मार्च अखेरीला मी पहिल्यांदा रातव्याचा, म्हणजे रात्री ओरडणाऱ्या एका पक्ष्याचा, आवाज रेकॉर्ड केला. टेबलावर सोडलेला पिंगपाँगचा चेंडू टप्पे घेत घेत शेवटी भराभर थरथरून थांबतो ना, अगदी तसा तो ओरडतो. तिथे उभं राहून कानाला एकदम स्वच्छ येत होतं, आणि घरी येऊन हेडफोन लावला तर सगळ्यात मोठा आवाज कसला, तर नळ बारीक सोडून ठेवावा तशी सूंssss, म्हणजेच हिस, आणि रातवा तिच्या मागे कुठेतरी. रेकॉर्डर नवा कोरा, खोक्यावर २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ सगळं छापलेलं, त्यामुळे मला वाटलं की पीसच खराब आलाय. पीस चांगला होता. फक्त खोक्यावर जे मोठ्या अक्षरात छापलेलं असतं त्याचा त्या हिसशी काही संबंध नसतो, आणि ज्या आकड्यांचा असतो ते स्पेसिफिकेशनच्या पानावर तळाशी बारीक अक्षरात असतात. हे कळायला माझी दोन वर्षं आणि बरेच पैसे गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय, जरा सावकाश वाचा.

पायरी १ : आधी ठरवा, आवाज किती हळू आहे

हा प्रश्न कोणी विचारतच नाही, सगळे डायरेक्ट "कुठला रेकॉर्डर घेऊ" असं विचारतात. ढोल-ताशा, मंदिरातली आरती, आठवडी बाजार, कोकणातला समुद्र, आंबोलीत जुलैच्या पावसात एका डबक्यावर बसलेले शंभर बेडूक, हे सगळे मोठे आवाज आहेत. यासाठी हातात धरायचा साधा रेकॉर्डर आणि त्याचे अंगचे माइक पुरतात, हिस त्या आवाजाखाली दबून जाते आणि तुम्हाला कधी कळणारही नाही. असं काम असेल तर यापुढचं फार मनावर घेऊ नका, फक्त वाऱ्याचा भाग नीट वाचा.

पण रात्रीचं माळरान, पहाटेचं भीमाशंकरचं जंगल, लांबून येणारी शीळ, पानावरून थेंब पडायचा आवाज, वाळक्या पाचोळ्यात काहीतरी सरपटतंय, हे वेगळं प्रकरण आहे. शहरातली शांत बेडरूम, पंखा बंद करून, साधारण ३० डेसिबल धरा. वारा नसलेलं, रातकिडे गप्प असलेलं जंगल २० च्या आसपास किंवा त्याच्याही खाली जातं. आता माइकची स्वतःचीच हिस २० डेसिबलएवढी असली, तर त्या जंगलात तुम्ही जंगल नाही, माइक रेकॉर्ड करताय.

पायरी २ : सेल्फ नॉइज, हा एक आकडा पाठ करा

प्रत्येक माइकच्या स्पेसिफिकेशनमध्ये सेल्फ नॉइज किंवा इक्विव्हॅलंट नॉइज लेव्हल असं लिहिलेलं असतं, डीबीए मध्ये. जेवढा कमी तेवढं चांगलं. कधीकधी तो न देता सिग्नल टू नॉइज रेशो देतात, मग ९४ मधून तो वजा करा, म्हणजे ८० दिला असेल तर सेल्फ नॉइज १४. एक सावधगिरी, काही कंपन्या दोन आकडे देतात, एक ए-वेटेड आणि दुसरा सीसीआयआर किंवा आयटीयू ४६८ म्हणून, आणि दुसरा साधारण १० ते १२ ने जास्त दिसतो. तुलना करताना दोन्ही माइकचे ए-वेटेडच बघायचे, नाहीतर चांगला माइक उगाच वाईट ठरतो.

माझा ढोबळ हिशोब असा: २० च्या वर असेल तर शांत जागेसाठी सोडून द्या, १४-१६ ला कामाला सुरुवात करता येते, १० च्या आसपास उत्तम, आणि ५ च्या जवळ गेलात की जंगल गप्प असतानाही जंगलच ऐकू येतं.

आता प्रत्यक्ष माइक. रोडेचा एनटी१-ए हा खरं तर स्टुडिओतला, गाणाऱ्यासमोर लावायचा मोठ्या डायफ्रामचा (आवाजाने थरथरणाऱ्या पडद्याचा) माइक, पण त्याचा सेल्फ नॉइज ५ डीबीए आहे, त्यामुळे निसर्गाचे आवाज रेकॉर्ड करणारे लोक जगभर तो बिनधास्त जंगलात नेतात. सेनहायझरचा एमकेएच २० किंवा ८०२० हे १० चे, एमकेएच ४० हा १२ चा. सिनेमावाल्यांचा लाडका एमकेएच ४१६ हा १३ चा. रोडेचा एनटीजी-२, जो यूट्यूबसाठी बरेचजण घेतात, तो १८ चा. आणि जपानच्या प्रायमो कंपनीची ईएम२७२ नावाची एक छोटीशी कॅप्सूल आहे, करंगळीच्या नखाएवढी, ती १४ ची. ही कॅप्सूल वापरून बनवलेले लहान क्लिप माइक मिळतात, क्लिपी नावाने, लोम कंपनीचे 'उशी' नावाने, किंवा सोल्डरिंग येत असेल तर नुसत्या कॅप्सूल मागवून घरी बनवता येतात. नवशिक्याला मी डोळे झाकून हेच सांगतो. स्टिरीओ जोडीची किंमत एका बऱ्या शॉटगन माइकपेक्षा खूप कमी पडते आणि हिसच्या बाबतीत ती वरच्या एनटीजी-२ च्या पुढे असते.

शॉटगनबद्दल सांगून टाकतो, कारण सगळे पहिल्यांदा तोच घ्यायला जातात, मीही गेलो होतो. लांब नळीचा माइक आहे म्हणजे दुर्बिणीसारखा लांबचं जवळ आणेल असं वाटतं. तसं होत नाही. तो फक्त बाजूचे आवाज कमी करतो, समोरचा आवाज वाढवत नाही, आणि लांबच्या हायवेची घरघर तर त्याला बाजूनेही बऱ्यापैकी येते कारण खालच्या फ्रीक्वेन्सीला ती नळी फारशी काम करत नाही.

पायरी ३ : रेकॉर्डरची हिस आणि माइकची हिस यांचं गणित

हा भाग थोडा आकडेमोडीचा आहे पण सगळे पैसे इथेच वाचतात किंवा वाया जातात, म्हणून गाळू नका.

रेकॉर्डरच्या प्रीअँपची (माइककडून आलेला बारीक सिग्नल मोठा करणाऱ्या भागाची) पण स्वतःची हिस असते, तिला ईआयएन म्हणतात आणि तो आकडा उणे असतो, उदाहरणार्थ झूम एच५ चा −१२० डीबीयू, झूम एफ३ आणि एफ६ चा −१२७ डीबीयू. जितका जास्त उणे तितकं शांत. (साउंड डिव्हायसेसच्या मिक्सप्री-३ दुसऱ्या आवृत्तीला −१३० लिहिलेलं असतं पण ते डीबीव्ही आहे, डीबीयूमध्ये सव्वादोनने कमी धरा, म्हणजे जवळपास −१२८. तिथे फसायला होतं.)

पण ही हिस ऐकू येईल की नाही हे रेकॉर्डर एकटा ठरवत नाही, माइक किती जोरात बोलतो त्यावर ते ठरतं, याला सेन्सिटिव्हिटी म्हणतात आणि ती मिलिव्होल्टमध्ये दिलेली असते. २५ मिलिव्होल्ट म्हणजे साधारण −३० डीबीयू, आणि दर वेळी निम्मं झालं की ६ ने खाली, दुप्पट झालं की ६ ने वर. आता सूत्र: ९४, त्यातून ईआयएनचा आकडा वजा, त्यात सेन्सिटिव्हिटीचा आकडा मिळवा, उणे चिन्हं विसरून. जे येईल ती रेकॉर्डरची हिस, माइकच्या हिसशी थेट तुलना करता येईल अशा डेसिबलमध्ये.

करून बघू. एनटी१-ए २५ मिलिव्होल्टचा, म्हणजे ३०. एच५ ला लावला तर ९४ − १२० + ३० = ४. माइक स्वतः ५, रेकॉर्डर ४, दोन्ही जवळजवळ सारखे, म्हणजे एकत्र साडेसातच्या आसपास (डेसिबलची बेरीज साधी होत नाही), चांगल्या माइकचा थोडा फायदा रेकॉर्डरने खाल्ला. तोच माइक एफ३ ला लावा, ९४ − १२७ + ३० = −३, म्हणजे रेकॉर्डर जणू नाहीच, जे ऐकू येतंय ते माइक आणि जंगल.

आता ईएम२७२. ती ४० मिलिव्होल्टच्या आसपास देते, म्हणजे २६. साध्या −१२० च्या इनपुटला ९४ − १२० + २६ = ०. माइक १४, रेकॉर्डर ०. दोन आकड्यांत दहाचा फरक असला की लहान आकडा विसरून जायचा. अगदी −११० चा सामान्य रेकॉर्डर असला तरी १० येतात, आणि एकूण बेरीज साडेपंधराच्या आतच राहते. म्हणूनच ही कॅप्सूल स्वस्त रेकॉर्डरवर पण इतकी छान वाजते, ती मुळात मोठ्याने बोलते.

आणि उलटं उदाहरण, शुअरचा एसएम५८, स्टेजवर भाषणाला असतो तो. दोन मिलिव्होल्टसुद्धा देत नाही, म्हणजे ५२. एच५ ला ९४ − १२० + ५२ = २६. एफ३ लावला तरी १९. माइक उत्तम आहे, तोंडासमोर धरला तर त्याला तोड नाही, पण रातव्यासाठी तो नाहीच. कोणी सांगितलं की डायनॅमिक माइकला (एसएम५८ सारख्या, पॉवर न लागणाऱ्या) सेल्फ नॉइज नसतो म्हणून घ्या, तर हे गणित त्यांना दाखवा.

यातून माझं ठाम मत झालंय ते असं, की बजेट कमी असेल तर पैसे आधी माइकवर घाला, रेकॉर्डर नंतर बदला. बहुतेक जण उलटं करतात, अंगचे माइक असलेला भारीतला रेकॉर्डर घेतात, आणि अंगचे माइक हीच त्या साखळीतली सगळ्यात कच्ची कडी असते.

पायरी ४ : जोडी जुळवणं

इथे एक अडचण सगळ्यांना येते, पॉवरची. ईएम२७२ सारख्या लहान माइकला काही व्होल्टची प्लग-इन पॉवर लागते, जी छोट्या रेकॉर्डरच्या ३.५ मिलिमीटरच्या माइक सॉकेटमधून येते. मोठ्या माइकला ४८ व्होल्टची फँटम लागते, ती तीन पिनांच्या एक्सएलआर सॉकेटमधून येते. एफ३ ला फक्त दोन एक्सएलआर आहेत, त्यात लहान माइक थेट लावता येत नाही, रोडेच्या व्हीएक्सएलआर प्लससारखा अडॅप्टर लागतो जो ४८ चे खाली आणून देतो. प्रत्येक माइकला एक, म्हणजे स्टिरीओला दोन घ्या, एक घेऊन माळावर पोचू नका. आणि तो प्लस वालाच बघून घ्या, त्याच आकाराचे नुसते पिन बदलणारे पण मिळतात, ते पॉवर खाली आणत नाहीत.

माझ्या मते सुरुवातीला दोन रस्ते आहेत. पहिला, ईएम२७२ ची जोडी आणि प्लग-इन पॉवर असलेला कोणताही बरा छोटा रेकॉर्डर, वापरलेला चालेल, सोनीचा जुना पीसीएम-एम१० कुठे चांगल्या अवस्थेत मिळाला तर सोडू नका, त्याचं इनपुट शांत आहे आणि बॅटरी खूप चालते. दुसरा, थोडे जास्त पैसे असतील तर एफ३, आणि त्याला आधी तीच लहान जोडी अडॅप्टर लावून, मग पुढे जमेल तेव्हा मोठे माइक. दुसऱ्या रस्त्यात काहीच फेकून द्यावं लागत नाही म्हणून मला तो आवडतो.

३२ बिट फ्लोटबद्दल, म्हणजे काही नव्या रेकॉर्डरच्या फाइल साठवायच्या पद्धतीबद्दल, खूप गैरसमज आहे. त्याने हिस कमी होत नाही, कणभरसुद्धा नाही. त्याने एवढंच होतं की गेन (रेकॉर्डरने आवाज किती वाढवायचा ते) लावायची कटकट जाते आणि अचानक डोक्यावर वीज कडाडली तरी आवाज फाटत नाही, मान्सूनात ही मोठीच सोय आहे. पण हिस जी आहे ती माइक आणि प्रीअँपमधून आलेली, ती ३२ बिटमध्ये पण तेवढीच प्रामाणिकपणे रेकॉर्ड होते.

पायरी ५ : घरी टेस्ट

नवीन सामान आलं की जंगलात पळू नका. रात्री दोन-तीनच्या सुमारास, पंखा बंद, फ्रिजचा प्लग काढून (सकाळी आठवणीने लावा), माइक कपाटात गोधड्यांच्या मधे ठेवा आणि दोन मिनिटं रेकॉर्ड करा. मग तेच जुन्या सामानावर. तुलना करताना दोन्हींसमोर एकाच अंतरावर एकाच आवाजात टिकटिक करणारं घड्याळ ठेवा आणि नंतर सॉफ्टवेअरमध्ये दोन्हीकडची टिकटिक सारख्या उंचीची करा, आता मागची हिस ऐका. हे न करता नुसती हिस तुलना केली तर ज्याचा गेन कमी तो चांगला वाटतो, आणि ते खोटं असतं.

पायरी ६ : वारा

सह्याद्रीत हिसपेक्षा जास्त रेकॉर्डिंग वाऱ्याने मेलेत. माइकबरोबर येणारी फोमची टोपी घरात बोलायला ठीक आहे, घाटमाथ्यावर तिचा उपयोग शून्य. केसाळ फरचं कव्हर लागतंच, आणि फर आणि माइकच्या मधे थोडी मोकळी हवा असली तर अजून चांगलं. मोठ्या माइकसाठी मी स्टीलच्या दोन जाळीदार गाळण्या एकमेकांवर उपड्या बांधून गोळा केला आणि त्यावर लांब केसांचं कृत्रिम फरचं कापड शिवून घेतलं, टेलर बराच वेळ माझ्याकडे बघत होता पण शिवून दिलं, आणि ते चार वर्षं चाललंय. कापड घेताना पाठीमागून फुंकून बघा, हवा आरपार जायला हवी, रबरासारखा पाठीचा थर असेल तर वरच्या पट्टीतले आवाज दबतात.

अजून एक, ऑम्नी म्हणजे सगळीकडून ऐकणारे माइक वाऱ्याला आणि हातातल्या खडखडीला डायरेक्शनल माइकपेक्षा खूप कमी दाद देतात. लहान कॅप्सूल ऑम्नीच आहे, नवशिक्याला हा अजून एक फायदा.

पायरी ७ : ओल

पावसाळ्यात कंडेन्सर माइक (वर सांगितलेले पॉवर लागणारे) अचानक फटफट, चटचट करायला लागतो, पॉपकॉर्न फुटल्यासारखा. बिघडलेला नसतो, कॅप्सूलमध्ये दमट हवा शिरून चार्ज गळतो. मोठ्या डायफ्रामच्या माइकला हे जास्त होतं, म्हणून ५ डीबीए वाला माइक जानेवारीत राजा आणि जुलैत डोकेदुखी. सेनहायझरचे एमकेएच माइक वेगळ्या तत्त्वावर, रेडिओ फ्रीक्वेन्सीवर चालतात, त्यामुळे ते दमट हवेत टिकतात, त्यांच्या किमतीचं एक मोठं कारण हे पण आहे. आपल्यासारख्यांनी काय करायचं, तर घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल, आणि एसी गाडीतून थंडगार माइक एकदम बाहेरच्या दमट हवेत काढायचा नाही, डब्यातच बाहेरच्या तापमानाला येऊ द्यायचा. पावसाचाच आवाज हवा असेल तर माइकच्या वर वीतभर अंतरावर नारळाच्या काथ्याचा जाड थर छत्रीसारखा बांधा, थेंब त्यावर फुटून विरतात आणि प्लॅस्टिकवर पडल्यासारखी टपटप येत नाही.

पायरी ८ : प्रत्यक्ष जागेवर

सगळ्यात स्वस्त लो-नॉइज प्रीअँप म्हणजे तुमचे पाय. अंतर निम्मं केलंत की आवाज ६ डेसिबलने वाढतो, म्हणजे १८ च्या माइकचा १२ चा झाला, फुकटात. १८८९ साली लुडविग कॉख नावाच्या आठ वर्षांच्या जर्मन मुलाने एडिसनच्या मेणाच्या सिलिंडरवर पाळलेल्या शामाचा आवाज रेकॉर्ड केला, पक्ष्याच्या आवाजाचं ते आपल्याला माहीत असलेलं पहिलं रेकॉर्डिंग, आणि शामा म्हणजे आपल्या सह्याद्रीत गाणारा तोच पक्षी. त्या यंत्राची खरखर आजच्या कुठल्याही रेकॉर्डरपेक्षा कितीतरी जास्त, तरी पक्षी ऐकू येतो, कारण तो जवळ होता.

पण जवळ जायचं म्हणजे पक्ष्याच्या मागे धावायचं नाही, घरट्याजवळ तर अजिबात नाही, आणि मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही, विणीच्या काळात त्याला ते खरंच जड जातं. तो रोज कुठे येऊन बसतो ते दोन दिवस बघा, माइक आधीच तिथे लावा आणि स्वतः वीस-तीस पावलं लांब जाऊन गप्प बसा. मी झाडाच्या खोडाच्या दोन बाजूंना एकेक लहान माइक बांधतो, खोड मधे डोक्यासारखं काम करतं आणि हेडफोनवर ऐकताना आपण तिथेच उभे आहोत असं वाटतं. पावशा "पेरते व्हा" म्हणत एका बाजूने दुसऱ्या बाजूला उडून गेला तर अंगावर काटा येतो. एकच लांबचा पक्षी हवा असेल तर पॅराबोला, म्हणजे परातीसारखी खोलगट डिश, तिच्या फोकसला माइक. ही एकच वस्तू आवाज माइकच्या आधी वाढवते, म्हणून हिस तिथल्या तिथे मागे पडते. ६० सेंटिमीटरची डिश साधारण ६०० हर्ट्झच्या वर नीट काम करते, घुबडाच्या घुमण्याला ती फारशी उपयोगाची नाही.

सेटिंग: वॅव फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, ऑटो लेव्हल बंद, लिमिटर बंद. स्टिरीओला तासाला जवळपास १ जीबी लागतो. साध्या रेकॉर्डरवर गेन घाबरत कमी ठेवू नका, बऱ्याच प्रीअँपची हिस जास्त गेनवरच सगळ्यात कमी असते, कमी गेनवर रेकॉर्ड करून घरी वाढवलंत तर जास्त हिस मिळते.

मोबाइल फ्लाइट मोडवर. सरसर वाजणारं जॅकेट गाडीत. पॉवर बँकवर चालवणार असाल तर घरी एकदा हेडफोनने तपासा, काही पॉवर बँक बारीक शिट्टी आणतात आणि काही, रेकॉर्डर फार कमी करंट घेतो म्हणून, अर्ध्या तासाने आपोआप बंद पडतात, माझी एक अख्खी पहाट अशी गेलीय. चार्ज होणाऱ्या डबल ए सेलचे दोन सेट ठेवा, फँटम चालू असलं की सेल भराभर संपतात. अभयारण्यात वनखात्याची परवानगी आधी काढा, रात्री तर त्याशिवाय आत जायचंच नाही, आणि एकटे जाऊ नका.

वेळ पहाटे साडेचार ते सहा. त्यानंतर पहिली एसटी, पहिला भोंगा, पहिलं विमान, आणि यातलं काही कुठल्याही माइकने कमी होत नाही.

रेकॉर्डिंग संपलं की बंद करायच्या आधी माइकजवळ जाऊन हळू आवाजात तारीख, वेळ, जागा, हवा आणि कुठला माइक ते बोलून ठेवा. घरी गेल्यावर मूळ फाइलला हात न लावता तिची कॉपी करून मगच साफसफाई करा. माझ्याकडे त्या मार्चमधल्या रातव्याची मूळ फाइल अजून आहे, हिससकट, आणि त्याच माळावरची नंतरची पण, जिच्यात तो थांबला की मागे फक्त गवत ऐकू येतं.